जन्मापासून शाकाहारी, मग साखर कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, नाशिकला राहतात. घरात अंडंसुद्धा येत नाही. तरी ११ वर्षांपासून मधुमेह, ६ वर्षांपासून रक्तदाब आणि गेल्या महिन्यातल्या सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३४, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.४, वजन ७४ किलो. गोळ्या चालू आहेत साखरेच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलची अटोर्वास्टॅटिन. तळपायांना मुंग्या येतात. अमेरिकेतल्या बहिणीने सांगितलंय की दूध, दही, तूप, तेल सगळं बंद करून पूर्ण वनस्पतिजन्य आहार घ्या, ३ आठवड्यांत गोळ्या सुटतात. बाबा निम्मे तयार आहेत, आई वैतागली आहे. यात खरं किती? आणि आईचा वेगळा प्रश्न: चातुर्मासातल्या उपवासांचं काय करायचं?

आधी गोळ्यांचं बोलू, कारण घाई तिथेच होते. एकही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. पण याची दुसरी बाजू क्वचितच कोणी सांगतं. आहार खरोखर बदलला आणि गोळ्या तशाच ठेवल्या, तरी धोका असतो. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढतं, तुम्ही आज किती जेवलात हे त्याला कळत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, निवृत्त शिक्षक. इंटरनेटवरचं काहीतरी बघून त्यांनी एका सोमवारपासून भात, पोळी, साखर सगळं सोडलं, रात्री फक्त सूप आणि सॅलड. गोळी मात्र रोजच्यासारखी. गुरुवारी पहाटे ४ वाजता बायकोला जाग आली ती गादी भिजलेली लागली म्हणून. घामाने निथळत होते, विचारलं तर असंबद्ध उत्तरं. मुलीने ग्लुकोमीटर लावला, ५४. साखरपाणी पाजलं, २० मिनिटांनी माणसात आले. आहाराने काम केलं होतं, म्हणूनच गोळी जड झाली होती.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी डॉक्टरांकडे जाऊन स्पष्ट सांगा, ‘आम्ही धान्य कमी करणार आहोत, ग्लिमेपिराइडचा डोस आत्ताच थोडा कमी करायचा का?’ ग्लुकोमीटर घरात हवाच. पहिले १५ दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर २ तासांनी मोजून वहीत लिहा. ७० च्या खाली गेली की ३ चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत मोजायचं. रक्तदाबाचंही तसंच. मीठ खरंच कमी झालं आणि वजन उतरलं की उठताना चक्कर येऊ शकते, मग गोळीचं प्रमाण डॉक्टर बदलतील. कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल माझं मत ठाम आहे. ११ वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाने ती आहाराच्या भरवशावर सोडू नये.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. गेली २३ वर्षं मी आहाराचं काम करते आणि ‘अहो पण आम्ही तर शुद्ध शाकाहारी!’ हे वाक्य आठवड्यातून ३-४ वेळा तरी ऐकते. त्यामागे थोडी तक्रार असते, देवाने अन्याय केल्यासारखी. शाकाहारी या शब्दात ताटात काय नाही एवढंच कळतं. साबुदाणा खिचडी शाकाहारी, खारी शाकाहारी, जिलबी शाकाहारी, वनस्पती तुपातला शंकरपाळा तर नावानेच वनस्पती.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. हार्वर्डचे संशोधक अंबिका सतीजा आणि फ्रँक हू यांच्या गटाने २०१६ साली अमेरिकेतल्या २ लाखांहून अधिक आरोग्यसेवकांच्या आहाराची वर्षानुवर्षांची माहिती तपासली. त्यांनी वनस्पतिजन्य खाण्याचे दोन वेगळे गुणांक काढले. अख्खं धान्य, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे यांचा एक; मैदा, पांढरा भात, बटाटा, गोड पेयं, मिठाया यांचा दुसरा. पहिल्या प्रकारचं खाणं सर्वांत जास्त असलेल्यांना मधुमेहाचा धोका ३४ टक्क्यांनी कमी दिसला, दुसऱ्या प्रकारचं सर्वांत जास्त असलेल्यांना १६ टक्क्यांनी जास्त. पुढच्या वर्षी याच गटाने हृदयविकाराचं गणित मांडलं, तिथेही हीच फाटाफूट. दोन्ही गुणांक ‘वनस्पतिजन्य’ खाण्याचेच होते.

तुम्ही बाबांचं एका दिवसाचं खाणं लिहून पाठवलंत ते फार बरं केलंत. मी ते वजनात उतरवलं. सकाळी पोहे, म्हणजे कोरडे ६० ग्रॅम. दुपारी ३ पोळ्या, एका पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर ९०. ‘थोडासा’ वरणभात, जो २ वाट्या आहे, म्हणजे ६० ग्रॅम तांदूळ. चहाबरोबर बिस्किटं, ३० ग्रॅम. रात्री २ भाकरी. भाकरीत सगळे फसतात. पोळी आणि भाकरी एकास एक मोजतात, पण आपल्या घरच्या एका ज्वारीच्या भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज लागतं. २ भाकऱ्या म्हणजे जवळपास ५ पोळ्या. सगळं मिळून ३८० ग्रॅम धान्य. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या ताटात २,००० कॅलरींसाठी २५० ग्रॅम धान्य आहे, आणि दुपारी झोपून संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या ६३ वर्षांच्या माणसाला २,००० कॅलरीही लागत नाहीत. साखर ४ कप चहातून ३० ग्रॅम, बिस्किटांतली वेगळी. त्याच ताटात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत. बाबांच्या पोटात जेमतेम ३०. भाज्या-पालेभाज्या मिळून ४०० ग्रॅम हव्यात, त्यांच्या ताटात एक वाटी भाजी, आणि त्या दिवशी ती बटाट्याची होती. बटाटा मी भाजीत धरत नाही, भाताशेजारी बसवते.

माझी एक सवय सांगते. मी रक्ताच्या रिपोर्टआधी महिन्याची किराण्याची यादी बघते. माणूस ‘आम्ही गोड फारसं खात नाही’ म्हणतो, यादी खोटं बोलत नाही. चौघांच्या घरात वरच्या हिशेबाने महिन्याला साधारण १० किलो डाळी-कडधान्यं लागायला हवीत. बहुतेक घरांत ३ किलो येतात, त्यातली दीड किलो तूरडाळ. तेल माणशी रोज २७ ग्रॅम, म्हणजे चौघांना साडेतीन लिटर, तळण धरून. येतं ५ किंवा ६ लिटर. मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे किलोचा पुडा चौघांना ५० दिवस पुरला पाहिजे, आणि तेही लोणचं, पापड, फरसाण बाहेरून येत नसेल तर. तुमच्याकडे पुडा किती दिवस जातो ते आईला विचारा. त्यांना नक्की माहीत असेल.

आणि वरणाची गोष्ट. एका बाई ठामपणे म्हणाल्या, ‘आमच्याकडे रोज दोन्ही वेळ वरण असतं, प्रथिनं भरपूर.’ मी म्हटलं, उद्या येताना डब्यात थोडं घेऊन या. त्यांनी आणलं. ते मी काचेच्या पेल्यात ओतलं आणि आम्ही दुसरं काही बोलत बसलो. पाऊण तासाने पेला पाहिला तर वर पिवळं पाणी, हळदीचे कण, हिंगाचा वास आणि तळाशी दोन बोटं डाळ. बाई हसल्या, मग गप्प झाल्या. तेवढ्या डाळीत ३ ग्रॅम प्रथिनं असली तरी खूप. आमटी पातळ करणं ही काटकसरीच्या दिवसांची सवय आहे, आणि त्या दिवसांत भाताबरोबर कष्टही होते.

बहीण ज्याच्या आधाराने बोलते आहे ते संशोधन खोटं नाही. १९९० साली अमेरिकेतले डॉक्टर डीन ऑर्निश यांनी हृदयविकाराच्या मोजक्या रुग्णांना अत्यंत कमी चरबीचा शाकाहार दिला आणि वर्षभराने रक्तवाहिन्यांतला अडथळा सरासरी किंचित कमी झालेला दाखवला, ४० टक्क्यांवरून ३७.८. औषध न देता एवढं होणं तेव्हा मोठीच गोष्ट होती. पण त्या रुग्णांना चालणं, ध्यान, गटात बसून बोलणं आणि सिगारेट सोडणं हेही होतं. त्यातलं आहाराचं श्रेय किती हे वेगळं काढता येत नाही. २००६ साली तिथलेच डॉक्टर नील बर्नार्ड यांनी ९९ मधुमेहींना दोन आहारांत विभागलं. २२ आठवड्यांनी पूर्ण वनस्पतिजन्य आहारवाल्यांचं एचबीएवनसी ०.९६ ने उतरलं, नेहमीच्या मधुमेही आहारवाल्यांचं ०.५६ ने. पहिल्या गटात ४३ टक्क्यांच्या गोळ्या कमी करता आल्या, दुसऱ्यात २६ टक्क्यांच्या. चांगला निकाल आहे. गोळ्या कमी झाल्या, सगळ्यांच्या सुटल्या मात्र नाहीत. आणि लागले २२ आठवडे.

मला यातली मेख वेगळीच वाटते. त्या माणसांच्या ताटातून जे निघालं ते होतं गोमांस, डुकराचं मांस, चीज, लोणी. ते काढल्यावर जागा आपोआप शेंगांनी आणि भाज्यांनी भरली. तुमच्या बाबांच्या ताटात ते कधी नव्हतंच. त्यांच्याकडून काढून घेण्यासारखं आहे ते अर्ध्या वाटी दह्याचं समाधान. मग मागे राहतं काय? पोळी, भात, बटाटा. मी अशी दोन-तीन घरं पाहिली आहेत जिथे ‘पूर्ण वनस्पतिजन्य’ सुरू झाल्यावर साखर वाढली. ताकाऐवजी फळांचा रस आला आणि पनीरऐवजी आणखी एक पोळी.

आपल्या शरीराचीही एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली चरबी पोटात आणि लिव्हरभोवती बसते, आणि स्नायू मुळातच कमी. बाबांचं वजन ७४ ऐकून कोणी त्यांना लठ्ठ म्हणणार नाही, पण लिव्हरने सोनोग्राफीत सांगून टाकलं आहे. लिव्हरवर चरबी चढली की ते रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं, म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर जास्त येते आणि माणूस म्हणतो, ‘रात्री तर काही खाल्लंच नव्हतं!’

तर करायचं काय? ताटातली वाटणी उलटी करायची. आज पोळीभात हे जेवण आहे आणि उसळ-भाजी तोंडीलावणं. हे बदलून उसळ-भाजी जेवण आणि पोळी-भाकरी तोंडीलावणं. यासाठी परदेशी काहीही आणायचं नाही. किन्वा, केल, चिया यांच्या मागे लागू नका, पैसे जातील आणि महिन्याभरात डबे मागच्या फळीवर जातील.

कडधान्यं एवढं काम करतात त्याचं कारण त्यांच्या घडणीत आहे. मटकी किंवा हरभऱ्याच्या दाण्यात स्टार्च पेशींच्या जाड भिंतीत कोंडलेला असतो, तो हळूहळू सुटतो. विरघळणारा तंतू पोटात चिकट होतो आणि पित्ताम्लं बरोबर घेऊन बाहेर जातो. ती परत बनवायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, म्हणून एलडीएल उतरतं. उरलेला तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून जी आम्लं बनतात ती पुढच्या जेवणापर्यंत साखर सांभाळतात. सकाळी मसूर खाल्ली तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते, हे टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी पूर्वीच दाखवलंय. याच जेन्किन्सनी २००३ साली सोया, बदाम, ओट्स-वांगी-भेंडीसारखे चिकट तंतू आणि वनस्पतींतली स्टेरॉल्स एकत्र करून महिनाभर दिली, तर एलडीएल २८.६ टक्क्यांनी उतरलं. त्याच प्रयोगात लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने ३०.९ टक्के. मात्र ते जेवण तोलून-मापून, बांधून दिलेलं होतं, घरी एवढं होत नाही.

बाबांचा दिवस मी असा लावीन. सकाळी पोह्यांऐवजी आठवड्यातले ४ दिवस मुगाचं धिरडं, भिजवलेल्या अख्ख्या हिरव्या मुगाचं, त्यात मेथी किंवा कोथिंबीर ओंजळभर. पोहे करायचेच तर मूठभर पोहे आणि दोन मुठी मोड, मटार, गाजर, वर लिंबू. आई म्हणेल हे पोहे नव्हेत. बरोबर आहे, नाव बदला. दुपारी ताटावर बसल्यावर आधी कोशिंबीर, सबंध वाटी, काकडी-टोमॅटो-मुळा-कोबी काहीही, दाण्याचं कूट एक चमचा. ती संपल्याशिवाय पोळी वाढायची नाही. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की मागून आलेल्या पोळीची साखर कमी चढते. मग दीड वाटी भाजी, एक मोठी वाटी दाट आमटी किंवा उसळ, २ पोळ्या आणि भात असलाच तर दोन डाव. रात्री ५० ग्रॅमची एक भाकरी. आईला एकदा पीठ काट्यावर तोलून थापायला सांगा, मग हात आपोआप बसतो. बरोबर झुणका किंवा पिठलं. बेसन डाळच आहे हे लोक विसरतात. नाशिककडे हुलगे मिळतात, त्यांचं माडगं करा. मसुरीची आमटी, वालाचं बिरडं, डाळवांगं, डाळमेथी, चण्याची डाळ आणि दाणे घातलेलं अळूचं फदफदं, गोव्याकडच्या मुगागाठी. आपल्या स्वयंपाकात डाळ आणि पाला एकत्र शिजवायच्या इतक्या तऱ्हा आहेत की वर्षभर पुन्हा तेच करायची वेळ येणार नाही. जवसाची आणि कारळ्याची चटणी तेल न घालता, मीठ हात राखून.

चहा ४ वरून २, साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत शून्यावर. गूळ चालेल का हे विचारू नका, साखरेचा तो सख्खा भाऊ आहे. चार वाजताच्या खारीऐवजी भाजलेले फुटाणे आणि एक पेरू. फळ चावून खायचं, मिक्सरमधून नाही. आंब्याच्या दिवसांत जेवणातली एक पोळी काढून अर्धा आंबा, आणि तो अपराधी चेहऱ्याने खाऊ नये.

कडधान्यं वाढवली की पोट फुगतं आणि तिसऱ्या दिवशी माणूस बंड करतो. म्हणून एकदम ३० वरून ८५ वर उडी नको. दर आठवड्याला थोडी वाढवा, ८-१० तास भिजवा, ते पाणी फेका, मोड आणा, मऊ शिजवा, हिंग-ओवा-आलं घाला. आतड्यातल्या जिवाणूंना सरावायला २-३ आठवडे लागतात. मोड आणल्याने फायटेट कमी होऊन लोह-जस्तही जास्त मिळतं. जेवणावर लिंबू पिळा आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा.

आता क्रिएटिनिन. १.४ हा आकडा मला तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त टोचला, आणि तुम्ही तो शेवटी लिहिला होता. लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या, त्याआधी पालेभाज्यांचा भडिमार सुरू करू नका. किडनी थोडी मंदावलेली आणि टेल्मिसार्टन चालू, अशा माणसाच्या शरीरात पोटॅशियम साचू शकतं आणि ते वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. पोटॅशियम ठीक असेल तर वर लिहिलेलं सगळं चालेल. जास्त असेल तर भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकायचं, शहाळं, केळी, टोमॅटोचं सूप यांना आवर घालायचा. ‘लो सोडियम’ मीठ मात्र कोणत्याही परिस्थितीत आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. दुकानदार ते बीपीवाल्यांचं मीठ म्हणून देतो. प्रथिनं दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम, म्हणजे बाबांना दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास. डाळी पूर्ण बंद करा असं पूर्वी सरसकट सांगितलं जाई, आता कोणी तसं सांगत नाही. पण वर प्रथिनांची पावडरही नको.

सकाळी उठून दुधीचा रस, कारल्याचा रस, पालकाचा हिरवा पेला हे प्रकारही नकोत. दुधी कडू निघाला तर त्यातल्या विषारी द्रव्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीने कडू रस थुंकून टाका असा इशारा दिलेला आहे. कच्च्या पालकाच्या रसातलं ऑक्झलेट किडनीत जाऊन बसतं. भाजी करून खा ना, रस कशाला काढायचा?

तळपायांच्या मुंग्यांकडे येते. सगळे त्याला मधुमेहाचं म्हणून सोडून देतात. बाबा जन्मापासून शाकाहारी आणि ११ वर्षं मेटफॉर्मिनवर. दोन्हीमुळे बी-१२ खाली जातं. याज्ञिकांच्या गटाने २००६ साली पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचं बी-१२ मोजलं होतं, ६७ टक्क्यांचं कमी निघालं. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, झाडं बनवत नाहीत. शेवग्यात नाही, स्पिरुलिनात आहे असं म्हणतात ते आपल्या शरीराला चालत नाही, इडलीच्या आंबवण्यातून भरवशाचं मिळत नाही. त्यातून पालेभाज्यांतलं फोलेट भरपूर असलं की हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि इकडे नसा झिजत राहतात. बी-१२ ची तपासणी करा, कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टर ठरवतील. नॉर्मल आलं तरी बाबांसारख्यांना छोटा डोस कायमचा लागतो असं मी धरून चालते. वनस्पतिजन्य आहाराचा कोणताही सल्ला बी-१२ चं नाव न घेता दिला असेल, तर देणाऱ्याला विषय पुरता ठाऊक नाही.

म्हणून दूध-दही बंद करण्याची मला घाई नाही. पाव लिटरभर दूध, दही, ताक मिळून, साय काढून, ठेवा. शाकाहारी माणसाचा बी-१२ चा तेवढाच धागा आहे. बहिणीने प्राण्यांच्या कणवेपोटी सोडलं असेल तर तो तिचा विचार आहे आणि मला त्याचा आदर आहे. बाबांनाही तेच करायचं असेल तर करता येतं. मग साखर न घातलेलं सोया दूध, बी-१२ ची गोळी न चुकता, आणि कॅल्शियमसाठी नाचणी (१०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम), तीळ, राजगिरा. पण मधुमेहासाठी म्हणून दही सोडलंच पाहिजे याला आधार नाही. तेलाचंही तेच. फोडणी हवी, पण डावाने नको, चहाच्या चमच्याने. शेंगदाण्याचं असो की करडईचं, एका पोह्याच्या चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी असतातच, घाण्याचं असलं तरी.

मधुमेह जाईल का? डॉ. रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या ब्रिटनमधल्या प्रयोगात वर्षभरात ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आले, आणि १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांत ८६ टक्के. तिथे वनस्पतिजन्य आहार नव्हता, चक्क पाकिटातली पेयं होती. काम केलं ते वजनाने. शिवाय त्या सगळ्यांचा मधुमेह ६ वर्षांच्या आतला होता. बाबांचा ११ वर्षांचा आहे, त्यामुळे मी त्यांना तसं वचन देणार नाही. ६ महिन्यांत ५ किलो उतरले, एचबीएवनसी ७ च्या आसपास आलं, ग्लिमेपिराइड अर्धं झालं किंवा थांबलं, लिव्हरची चरबी उतरली, तर मी पेढे खाईन. एक पेढा. जेवणानंतर १५ मिनिटं चालणं यात धरलेलं आहे, ते वगळून हिशेब बसत नाही.

आईंचा प्रश्न. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्यासाठीच जन्माला आली असावी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर तूप. बाबांची सगळ्यांत वाईट साखर एकादशीच्या दुपारी सापडेल, एकदा मोजून बघा. त्याऐवजी दाण्याची आमटी दाट करून, बरोबर मोजकी भगर किंवा राजगिऱ्याची एक भाकरी, काकडीची कोशिंबीर, ताक. भगर घरी निवडून, धुऊन शिजवा. सुटं, जुनं पीठ आणू नका, मराठवाड्यात त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. निर्जळी किंवा दिवसभर काहीच न खाण्याचा उपवास ग्लिमेपिराइड चालू असताना बाबांनी करायचा नाही, देवापुढे ती जबाबदारी माझ्यावर टाका. आणि आई स्वतः सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या धरतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे महिन्यातले १२ दिवस. त्यांचं हिमोग्लोबिन आणि साखर शेवटची कधी तपासली होती ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. पुढच्या वेळी बाबांच्या रिपोर्टबरोबर त्यांचेही पाठवा.